दुखापत हाताची, विश्रांती कुणाला?

वाचकहो, ऐन श्रावणात काळ्या रानातल्या पाणंदीने सायकल नेण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. दहा-वीस पावले जात नाहीत तोच चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल गच्च बसतो, चाक फिरेनासे होते, आणि मग काडीने चिखल खरवडावा किंवा सरळ सायकल खांद्यावर घेऊन डांबरी रस्ता गाठावा, एवढेच हाती उरते. प्रवरेच्या काठावर ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे वेगळे सांगायला नको. परंतु याच प्रकाराची युरोपात रीतसर शर्यत भरते, हे ऐकून मात्र आपल्याला गंमत वाटेल. तिला सायक्लोक्रॉस म्हणतात. बेल्जियम आणि नेदरलँड्स या देशांत तिचे वेड मोठे. पावसाळी, थंड हवेत, चिखल, गवत, वाळू आणि उभे चढ असलेल्या वाटेवर साधारण तासभर ही शर्यत चालते. वाटेत आडव्या फळ्या लावलेल्या असतात. तेथे बहुतेक स्पर्धक उतरतात, सायकल उचलतात, धावत अडथळा ओलांडतात आणि पुन्हा स्वार होतात.

या खेळात व्यावसायिक खेळाडू थोडे आणि हौशी माणसे पुष्कळ. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्यांसाठी वेगळे गट असतात. आठवडाभर नोकरी-व्यवसाय करायचा आणि सुट्टीच्या दिवशी चिखलात उतरायचे, असा त्यांचा नेम. अशा माणसाचे मनगट किंवा गळ्याखालचे आडवे हाड, ज्याला कॉलर बोन म्हणतात, ते एखाद्या रविवारी मोडते, आणि संपूर्ण हंगाम त्याला दोरीच्या बाहेर उभे राहून पाहावा लागतो. आजच्या लेखाचा विषय हे बाहेर बसणे आहे. वृद्ध वाचकांच्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपल्याला वाटेल. आपल्या घरातील अडुसष्ट वर्षांचे आजोबा सायकलवरून पडून घरी बसतात, तेव्हा त्यांच्यावर जे ओढवते ते याच जातीचे असते, आणि पुष्कळदा त्याहून अवघड असते. म्हणून हा विषय.

व्यावसायिक आणि हौशी यांतला फरक

वूट व्हॅन आर्ट हा बेल्जियमचा खेळाडू सायक्लोक्रॉसमध्ये तीन वेळा जगज्जेता ठरलेला. जुलै २०१९ मध्ये टूर डी फ्रान्स या प्रसिद्ध शर्यतीत पो या गावी तो रस्त्याकडेच्या कठड्यावर आदळला आणि त्याच्या पायाला खोल जखम झाली. शस्त्रक्रिया झाली, पुढचे कित्येक महिने पुनर्वसनात गेले, आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस तो पुन्हा सायक्लोक्रॉसच्या शर्यतीत उतरला. म्हणजे पाच महिने लागले. त्या वेळी तो अवघा चोवीस-पंचवीस वर्षांचा होता, आणि डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, प्रशिक्षक असे सारे त्याच्या दिमतीला होते. कोणत्या दिवशी काय करायचे, हे त्याला कुणीतरी सांगत होते.

हौशी माणसाला हे कुणी सांगत नाही. त्याच्या वाट्याला प्लास्टर येते, गोळ्यांची चिठ्ठी येते आणि 'आराम करा' हे दोन शब्द येतात. आपल्या शेजारच्या नाशिकने हौशी सायकलस्वारीत मोठे नाव कमावले आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने पुरी केली. ही सारी डॉक्टरकी करणारी माणसे, पोटासाठी सायकल चालवणारी नव्हेत. त्यांच्या यशामुळे आपल्याकडेही पन्नाशी-साठीतल्या अनेकांनी गंजलेल्या सायकली पुन्हा बाहेर काढल्या, ही आनंदाची गोष्ट आहे. आणि ज्यांनी सायकल कधी सोडलीच नाही, मळ्यात जाण्यासाठी, डेअरीवर दूध घालण्यासाठी, पहाटेच्या फेरीसाठी जे अजून तिच्यावरच विसंबून आहेत, असे वृद्ध तर कोल्हारच्या पंचक्रोशीत मोजता येणार नाहीत इतके आहेत. पदक त्यांना कुणी देत नाही. पण पडल्यावर त्यांचेही हाड मोडते आणि त्यांचाही हंगाम जातो.

पडल्यानंतरचा पहिला दिवस

प्रथम थोडे तातडीचे. पडलेल्या माणसाला उभे राहता येत नसेल, खुब्यात तीव्र वेदना असेल, एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, तर त्याला चालवून पाहू नका. खुब्याचे हाड मोडल्याची ही लक्षणे आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. हात दुखावला असेल तर बोटांतील अंगठी आणि हातातील बांगड्या, कडे ताबडतोब उतरवा. सूज वाढल्यावर त्या निघत नाहीत आणि बोटाचा रक्तपुरवठा अडतो. मातीने भरलेली जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा. हळद, चुना काही भरू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन घेण्याविषयी डॉक्टरांना विचारा.

मुका मार आहे, चोळून घेऊ, असे म्हणून हाडवैद्याकडे जाण्याची आपली जुनी सवय आहे. हाड मोडले आहे की नाही हे एक्स-रे काढल्याखेरीज ठरवू नये, आणि तोपर्यंत चोळणे वा आवळून पट्टी बांधणे टाळावे. मनगटाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या एका छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. तेथे दाबून दुखत असेल तर एक्स-रे चांगला आला तरी आधार बांधून ठेवावा लागतो आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी करावी लागते.

सर्वांत महत्त्वाची सूचना डोक्याच्या माराविषयी आहे. वाढत्या वयात मेंदू किंचित आकसतो, त्यामुळे मेंदू आणि कवटी यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. किरकोळ आपटण्यानेही त्यांतून रक्त झिरपू शकते, आणि ते इतके सावकाश की लक्षणे दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. डोके दुखणे, सतत झोप येणे, बोलण्यात घोटाळा, चालताना एका बाजूला झोक जाणे, हातातली वस्तू सुटणे, यांपैकी काही दिसले तर 'वय झाले' असे म्हणू नका. महिनाभरापूर्वीचे पडणे आठवा आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा. हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील, तर डोक्याला मार लागल्यावर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी तपासून घ्यावे. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

'आराम करा' याचा अर्थ

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवण्यात आले. त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता, म्हणजेच ज्याला आपण दम म्हणतो, ती एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी, पन्नाशीत आलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तेव्हा असे आढळले की, तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांचा दम जेवढा कमी झाला, त्याहून अधिक तो त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने कमी केला होता. याच प्रयोगाचा दुसरा भाग दिलासा देणारा आहे. पन्नाशीत सहा महिने नेमाने, हळूहळू वाढवत व्यायाम केल्यावर वयामुळे गेलेला दम त्यांनी परत मिळवला.

हे झाले तरुणांचे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी सदुसष्ट वर्षांची बारा निरोगी माणसे फक्त दहा दिवस अंथरुणात राहिली. त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन जवळजवळ एक किलोने घटले. ही माणसे आजारी नव्हती, त्यांचे काही मोडले नव्हते, आणि त्यांना खायलाही व्यवस्थित मिळत होते. आपल्या घरात पडलेल्या वृद्धाला त्याशिवाय वेदना असते, भूक मंदावलेली असते आणि झोप उडालेली असते. यावरून आपणच अंदाज करावा.

म्हणून डॉक्टर जेव्हा आराम सांगतात, तेव्हा तो मोडलेल्या अवयवाला सांगतात, हे नीट समजून घ्यायला हवे. खुब्याची वा पाठीच्या कण्याची दुखापत असेल तर किती हालचाल करायची हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर ठरवतील. मात्र खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरही बहुतेक रुग्णांना एक-दोन दिवसांतच आधाराने उभे केले जाते. मग केवळ मनगट मोडलेल्या माणसाने सहा आठवडे खाटेवर का काढावेत?

गुरुजींची गोष्ट

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचे उदाहरण देतो. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय अडुसष्ट. रोज पहाटे चार-पाच मित्रांबरोबर सायकलची फेरी आणि परतताना चहा, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. कारखान्याच्या हंगामात रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या वाढ्यावरून चाक घसरले आणि डावे मनगट मोडले. अस्थिरोगतज्ज्ञांनी हाड बसवून सहा आठवड्यांसाठी प्लास्टर घातले. उपचार उत्तम झाले.

घरची माणसे प्रेमळ. 'अण्णांनी आता काही हलायचं नाही,' असे त्यांनी ठरवून टाकले. चहा, जेवण, आंघोळीचे पाणी, सारे जागेवर येऊ लागले. मित्र भेटायला आले की 'त्यांना आराम करू द्या' असे सांगून दारातूनच निरोप जाऊ लागला. सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगली गेली. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. एक्स-रेमध्ये हाड सुरेख जुळलेले दिसत होते. पण गुरुजींना खुर्चीवरून उठताना मुलाचा हात धरावा लागत होता, डावा खांदा वर उचलत नव्हता, वजन चार किलोने उतरले होते, आणि सकाळचे वर्तमानपत्र घडीही न मोडता पडून राहत होते.

"डॉक्टर, हात मोडला होता माझा. पाय तर शाबूत होते ना? मग मला बसवलं कशासाठी?" त्यांनी विचारले. मुलगा शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "अण्णा, तुमच्या काळजीपोटीच केलं सगळं." दोघांचेही खरे होते.

प्लास्टरमध्ये असताना काय करावे

त्या सहा आठवड्यांत काय करता आले असते, ते सांगतो. हे आपल्या डॉक्टरांना विचारून, दुखापतीप्रमाणे फेरफार करून अमलात आणावे.

हात प्लास्टरमध्ये असेल तर पहिले काही दिवस तो उशीवर, छातीच्या पातळीच्या वर ठेवावा. बोटे मात्र पहिल्या दिवसापासून हलवावीत. मूठ वळणे, उघडणे, अंगठा प्रत्येक बोटाला लावणे, हे दर तासाला दहा वेळा. प्लास्टर कोपराच्या खाली असेल तर कोपर दिवसातून तीन-चार वेळा हलवावे, आणि डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर खांदाही पूर्ण फिरवावा. झोळीत अडकलेला खांदा आखडून बसला की तो सुटायला मनगटापेक्षा जास्त महिने लागतात. बोटे निळसर पडली, बधिर झाली, किंवा गोळी घेऊनही वेदना असह्य होऊ लागली, तर प्लास्टर आवळत आहे असे समजावे आणि रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

पायांसाठी दोन व्यायाम पुरेसे आहेत. भिंतीला टेकवलेल्या, हात असलेल्या भक्कम खुर्चीवरून उठणे आणि सावकाश बसणे, सुरुवातीला पाच वेळा, मग दहा, दिवसातून तीनदा. आणि सपाट जागी चालणे, आधी अंगणात, मग गल्लीत. प्लास्टरमुळे तोल थोडा बदलतो, म्हणून पहिले काही दिवस कुणीतरी सोबत असावे.

आणखी एक गोष्ट ऐकून आपल्याला नवल वाटेल. धडधाकट हाताने ताकदीचा व्यायाम केला तर प्लास्टरमधील हाताची ताकदही काही प्रमाणात टिकून राहते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. मेंदूकडून जाणाऱ्या आज्ञा दोन्ही बाजूंना उपयोगी पडतात, असे त्याचे कारण मानले जाते. तेव्हा उजव्या हाताने पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली उचलणे, स्पंजचा चेंडू दाबणे, हेही डाव्या हातासाठीच आहे.

पाय प्लास्टरमध्ये असेल किंवा फार चालता येत नसेल, तर पोटरीकडे लक्ष ठेवावे. एकाच पोटरीला सूज, ओढ, दुखणे किंवा ऊब जाणवली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते. पोटरी चोळू नये, त्याच दिवशी दाखवावे. अचानक धाप लागली वा छातीत दुखू लागले, तर क्षणाचाही विलंब नको.

ताटात काय असावे

हाड आणि स्नायू दोन्ही भरून येण्यासाठी प्रथिने लागतात, आणि नेमका याच काळात वृद्धांचा आहार चहा-बिस्किटे आणि पेज यांवर येऊन ठेपतो. दुखापतीच्या काळात वृद्ध व्यक्तीला तिच्या वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. पाव लिटर दुधातून सुमारे ८ ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून ६, मूठभर शेंगदाण्यांतून ७ आणि ३० ग्रॅम कोरड्या डाळीतूनही ७. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, पिठले, दही, आणि जे सामिष खातात त्यांच्यासाठी मासे वा चिकन, यांतून हा हिशेब घरच्या घरी जमतो. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

विडी, सिगारेट, तंबाखू यांतील निकोटीन हाड जुळण्यात अडथळा आणते. निदान हाड जुळेपर्यंत तरी ती बंद ठेवा, आणि तेवढे दिवस जमले तर पुढेही जमेल. वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या वृद्धाने नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्या, तर मूत्रपिंडे बिघडू शकतात, रक्तदाब वाढतो आणि जठरात रक्तस्राव होऊ शकतो. बहुतेकांना पॅरासिटामॉल योग्य मात्रेत पुरेसे ठरते.

का पडलो?

हाड जुळेपर्यंतचा मोकळा वेळ या प्रश्नाच्या शोधासाठी वापरावा. वाढ्यावरून चाक घसरले, हे उत्तर बरोबर असेल. पण कधी कधी चाक घसरण्यापूर्वीच डोळ्यांपुढे अंधारी आलेली असते. रक्तदाबाच्या गोळीने उभे राहताच चक्कर येते का, मधुमेहाच्या औषधाने उपाशीपोटी साखर उतरते का, मोतीबिंदू वाढला आहे का, रात्रीच्या झोपेच्या गोळीची गुंगी पहाटेपर्यंत राहते का, हे तपासून घ्यावे.

दुसरी तपासणी हाडांची. पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने मनगट मोडले, तर तो हाडे ठिसूळ झाल्याचा इशारा असू शकतो. आज मनगट, उद्या खुबा, असा त्याचा क्रम आपण अनेक घरांत पाहतो. स्त्रियांमध्ये तर विशेष. हाडांची घनता मोजणारी तपासणी, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांविषयी डॉक्टरांशी बोला. सायकलप्रेमींना येथे एक सांगायला हवे. सायकल हृदयाला आणि स्नायूंना उत्तम, पण तिच्यावर शरीराचा भार सीट उचलते, म्हणून हाडांना तिचा फारसा लाभ होत नाही. रोज सायकल चालवणाऱ्यानेही चालणे, जिना चढणे आणि ताकदीचे व्यायाम करायलाच हवेत.

पुन्हा सायकलवर

घरोघरी वाद होतो तो या टप्प्यावर. एका बाजूला 'आता सायकलला हातही लावायचा नाही' आणि दुसऱ्या बाजूला 'उद्यापासून चाललो.' माझे मत असे की वयाच्या आकड्यावर हा निवाडा करू नये. फ्रान्सचे रॉबेर मार्शाँ यांनी जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या एकशे पाचाव्या वर्षी, बंदिस्त धावपट्टीवर एका तासात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली. आपण सारे मार्शाँ नाही, हे मान्य. पण एखादा माणूस पंचावन्नाव्या वर्षीच सायकलला अयोग्य असू शकतो आणि दुसरा पंचाहत्तरीतही योग्य असू शकतो. तेव्हा आकड्याऐवजी कसोट्या लावाव्यात.

डॉक्टरांनी हाड पक्के जुळल्याचे सांगितले आहे का? दोन्ही हातांनी ब्रेक घट्ट आणि वेदनेविना दाबता येतो का? भिंतीवर दोन्ही तळहात टेकून शरीराचा भार दहा वेळा पेलता येतो का? आधाराशिवाय एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का? मान वळवून मागून येणारे वाहन पाहता येते का? हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठता येते का? या साऱ्यांची उत्तरे होकारार्थी येईपर्यंत रस्त्यावर जाऊ नये. ती आल्यावर आधी जागेवरची सायकल, मग मोकळ्या मैदानात पाच-दहा मिनिटे, मग सोबतीने गावातला शांत रस्ता, अशा पायऱ्या घ्याव्यात. दर पायरीवर आठवडाभर थांबावे.

सायकलही बदलावी लागते. उंच दांडीवरून पाय टाकताना अनेक वृद्ध पडतात, म्हणून दांडी नसलेली, खालच्या चौकटीची सायकल बरी. ती 'बायकांची सायकल' म्हणून लाजण्याचे कारण नाही. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील एवढीच सीटची उंची ठेवावी. हेल्मेट, मागे-पुढे परावर्तक आणि पहाटे दिवा हवाच. नगर-मनमाड महामार्गावर उसाच्या ट्रॉल्यांच्या हंगामात सायकल नेऊ नये, हे मी कुणालाही सांगेन, तरुणांनासुद्धा.

गुरुजींच्या बाबतीत मुलगा, सून आणि ते स्वतः असे आम्ही एकत्र बसलो. कसोट्यांची यादी त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात वहीत उतरवून घेतली. दम आणि ताकद परत यायला चार महिने लागले. आज ते पाटाच्या कडेच्या रस्त्याने फेरी मारतात, महामार्गावर जात नाहीत. फेरी पूर्वीपेक्षा लहान आहे. पहिल्या आठवड्यात सून स्कूटीवरून मागे मागे जात होती, आता जात नाही.

उत्तर 'नाही' असे आले तर

प्रत्येकाची गोष्ट अशी संपत नाही. काहींचा तोल परत येत नाही, काहींची दृष्टी अधू झालेली असते. तेव्हा सायकल सोडावी लागते, आणि ते स्पष्टपणे, पण त्या व्यक्तीच्या समोर बसून सांगावे. तिच्या मागे सायकल विकून टाकणे हा उपाय नव्हे. सायकल गेली की तिच्याबरोबर पहाट जाते, मित्र जातात आणि स्वतःहून कुठेतरी जाण्याची मोकळीक जाते. यांपैकी शक्य तेवढे दुसऱ्या मार्गाने परत मिळवून द्यावे. तीनचाकी सायकल, घरातील जागेवरची सायकल, चालण्याची सोबत यांपैकी काही जमते का पाहावे. निदान चहाच्या वेळी मित्रांमध्ये नेऊन सोडणे तरी जमावे. स्पर्धेबाहेर बसलेला हौशी खेळाडूही पुष्कळदा दोरीपाशी उभा राहून इतरांना पाणी देतो, वेळ मोजतो. त्याची जागा बदलते, तो त्या मेळ्यातून उठत नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, आवडत्या गोष्टींत मन न लागणे, जेवणाची इच्छा न होणे, पहाटे लवकर जाग येऊन तळमळणे, 'माझा काय उपयोग' असे बोलणे, हे दिसले तर तो हट्ट वा स्वभाव समजू नये. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना शेवटी एवढेच सुचवतो. घरातील वडीलधारी व्यक्ती पडून जायबंदी झाली, तर डॉक्टरांकडून निघताना तीन प्रश्न विचारून घ्या: कोणत्या अवयवाला विश्रांती द्यायची, किती दिवस द्यायची, आणि बाकीच्या शरीराने तोवर काय करायचे. उत्तरे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद त्या व्यक्तीच्याच हाती द्या. चहाचा कप जागेवर नेऊन देण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि त्यांना स्वयंपाकघरापर्यंत चालत यायला सांगा. मायेला त्यात काही कमीपणा येत नाही.